'आवोंट' : संध्याकाळ, सांज की कातरवेळ?

प्रश्न : डच चित्रकार पीट मॉन्ड्रियानच्या सुरुवातीच्या चित्रांवर मराठीत लिहीत आहे. काळ्या रेघा आणि लाल-पिवळे-निळे चौकोन पुष्कळांनी पाहिलेत, पण मला त्याआधीची निसर्गचित्रं लोकांपुढे आणायची आहेत. १९०८ ते १९१० मधलं निष्पर्ण, लालभडक झाडाचं चित्र आहे, मागे गर्द निळं आकाश. डच नाव 'आवोंट', म्हणजे दिवस मावळतानाची वेळ. पुढे जोड 'लाल झाड'. मराठीत काय म्हणावं?

उत्तर : 'कातरवेळ' घ्या. 'कातर' म्हणजे व्याकूळ, भ्यालेला. या शब्दात वेळ आणि मनाची घालमेल एकत्र येते. 'संधिप्रकाश' मात्र नको, ते उजेडाचं नाव झालं.

उत्तर : मला हे पटत नाही. 'आवोंट' हा डच माणसाचा रोजचा शब्द आहे, संध्याकाळी भेटल्यावर नमस्कारातही येतो. चित्रकाराने साधं नाव ठेवलंय आणि हुरहुर रंगांवर सोपवली आहे. 'कातरवेळ' म्हटलं की ती आपणच आधी सांगून मोकळे होतो. शिवाय ते झाड व्याकूळ नाही, पेटलेलं आहे! 'संध्याकाळ : लाल झाड' एवढंच ठेवा. 'कातरवेळ' शोभेल ते १९०८च्या 'ऊलजवळचं रान' या चित्राच्या वर्णनात. तिथे उभ्या खोडांमागे पिवळं बिंब आहे आणि जांभळटपणा जमिनीवर उतरलाय. तीही वर्णनातच, नावात नको.

प्रश्नकर्ता : पटलं. आता दुसरी अडचण. या चित्रांना 'प्रतीकवादी' म्हटलं की वाचक विचारतो, लाल रंग कशाचं प्रतीक?

उत्तर : कारण आपल्याकडे प्रतीक म्हणजे ठरलेली जोडी : दिवा म्हणजे ज्ञान, कमळ म्हणजे निर्लेपपणा. प्रतीकवाद्यांना, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या या कलाप्रवाहातल्या कवी-चित्रकारांना, अशी जोडी नको होती, सुचवणं हवं होतं. त्यासाठी आपल्या काव्यशास्त्रात 'व्यंजना' हा नेमका शब्द आहे. वादाचं नाव 'प्रतीकवाद'च राहू द्या, ते रुळलंय. पण चित्राबद्दल लिहिताना 'झाड अमुक सुचवतं' असं लिहा, 'अमुकाचं प्रतीक आहे' असं नको. नेदरलँड्समधल्या डोमबर्गच्या किनाऱ्यावर मॉन्ड्रियान प्रतीकवादी चित्रकार यान टोरोपच्या सहवासात आला, १९०९मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीचा, म्हणजे सर्व धर्मांमागचं गूढ सत्य शोधणाऱ्या संस्थेचा, सभासद झाला. दिसणाऱ्या झाडापलीकडचं काही त्याला खरोखर शोधायचं होतं. म्हणून 'प्रभावित' हा शब्दही जपून वापरा. त्यात नुसती उसनवारी वाटते.