रिजन्सी काळातील पांढऱ्या मलमलीवरचे भरतकाम आणि आपली आरी

प्रश्न (वेलबुट्टी):
मी गेली चार वर्षे आरीकाम, म्हणजे आकड्याच्या सुईने करायचे भरतकाम, शिकत आहे. इंग्लंडमधील रिजन्सी काळातले, म्हणजे १८११ ते १८२० या वर्षांतले, काही झगे छायाचित्रांत पाहताना असे लक्षात आले की पातळ पांढऱ्या मलमलीवर पांढऱ्याच दोऱ्याने काढलेल्या वेलीचा टाका हुबेहूब आपल्या साखळी टाक्यासारखा आहे. हे केवळ साम्य आहे की त्यामागे काही नाते आहे? असे झगे घालणाऱ्या स्त्रिया हे काम स्वतः करत असत का?

उत्तर (सुईदोरा):
नाते आहे. तिकडे या कामाला ‘तंबूर’ म्हणत, कारण कापड गोल चौकटीवर ढोलाच्या कातड्यासारखे ताणून बसवले जाई. आकड्याची सुई वरून टोचायची, खाली धरलेला दोरा फासाच्या रूपाने वर ओढायचा आणि पुढचा फास त्यातून काढायचा, ही आपण शिकता तीच रीत आहे. गुजरात-कच्छमधील मोची कारागिरांनी चामड्यावरची आरी कापडावर आणली. गुजरातेतले साखळी टाक्याचे भरतकाम सतराव्या शतकातच युरोपात जात होते, आणि १७६०च्या सुमारास ही आकड्याची रीत फ्रान्स व इंग्लंडमध्ये रुजली. साध्या सुईपेक्षा हात कितीतरी झपाट्याने चालतो, म्हणून ती लोकप्रिय झाली असावी. शेवटचा फास मात्र नीट अडकवावा लागतो, नाहीतर टोक ओढताच सगळी ओळ उसवते, हे आपण अनुभवले असेलच.

उत्तर (जुनेकापड):
वरील उत्तराला थोडी पुस्ती जोडते. झगा मलमलीचा दिसला म्हणून कापड ढाक्याचे होते असे गृहीत धरू नये. इंग्रज संशोधक क्रॉम्प्टनच्या १७७९च्या सूतकताई यंत्रामुळे इंग्लंडमधील लँकेशायर आणि स्कॉटलंडमध्येही बारीक मलमल भरपूर विणली जाऊ लागली होती.

आपला दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. सुखवस्तू घरांतल्या मुली शोभेचे भरतकाम करत आणि घरातल्या पुरुषांचे सदरेही शिवत. शिवणयंत्र नसल्यामुळे प्रत्येक टीप हातानेच पडे. १८०९मध्ये सुरू झालेल्या आकरमनच्या लंडनच्या मासिकात भरतकामाचे नमुने येत आणि खऱ्या कापडाचे तुकडेही चिकटवलेले असत. परंतु बाजारात विकले जाणारे बरेचसे पांढरे काम स्कॉटलंडच्या पश्चिम भागातल्या स्त्रिया आणि मुली मजुरीवर करत. त्यांची नावे कुठल्याच झग्यावर नाहीत, आणि अशा झग्यांविषयी बोलताना त्यांचा उल्लेख राहून जातो याचे मला फार वाईट वाटते.

प्रश्नकर्ती (वेलबुट्टी):
दोघांचीही आभारी आहे. तसा झगा शिवायचा झाल्यास वेल कुठे भरावी?

उत्तर (सुईदोरा):
कंबर छातीच्या लगेच खाली येत असल्याने घेराला लांब, सलग जागा मिळते. मुख्य वेल खालच्या काठाला भरून वर सुटे बुट्टे विखरावेत. १८१५नंतरच्या झग्यांत काठाजवळ झालरी आणि कापसाने भरलेल्या गुंडाळ्या वाढत गेल्या, तेव्हा निव्वळ वेलीचा झगा हवा असल्यास त्याआधीचा नमुना निवडावा.