‘पळालेल्या सैनिकाची गोष्ट मुलांना कशाला?’ : आमच्या सोसायटी ग्रुपवरचा शनिवार

कुलकर्णी (सी-४०१), रात्री ८:५२
मुग्धाताई, एक विचारायचं होतं. क्लबहाऊसमधून आल्यापासून अथर्व एकच धोशा लावून बसलाय, "बाबा, तो सैनिक पळाला होता ना, मग त्याला आईला का भेटू दिलं?" दर शनिवारी जपानच्या गोष्टी सांगता, मुलं आवडीने येतात, त्याबद्दल आभारच आहेत. पण १५ ऑगस्ट सहा दिवसांवर आलाय. पळपुट्या सैनिकाची गोष्ट आत्ताच का? माझे मामा ६५ च्या लढाईत होते. मला हे नाही पटलं.

मुग्धा (बी-६०३), रात्री ९:१०
कुलकर्णी दादा, थेट विचारलंत ते बरं झालं. मुलांना काय सांगितलं ते लिहिते. मोठं होईल, पण अर्धवट नको.

जपानीत झोपताना "ओयासुमी" म्हणतात. मुलांना तो शब्द शिकवत होते आणि मला नेहमीप्रमाणे हितोमी सोगा आठवल्या. सादो नावाच्या बेटावरची १९ वर्षांची मुलगी. ऑगस्ट १९७८ मध्ये आईबरोबर दुकानातून घरी येत होती, तेव्हा उत्तर कोरियाच्या हेरांनी दोघींना पळवून नेलं. आईचा आजपर्यंत पत्ता नाही.

त्या मुलीचं तिथे ज्याच्याशी लग्न झालं तो म्हणजे हा सैनिक. चार्ल्स जेनकिन्स, अमेरिकन सार्जंट. दक्षिण कोरियात सीमेवर होता. गस्तीवर जायची भीती बसली होती आणि आपल्याला व्हिएतनामला पाठवतील असंही वाटत होतं. जानेवारी १९६५ च्या एका रात्री खूप बिअर प्यायला, गस्त घेऊन निघाला, सोबतच्यांना "पुढचं बघून येतो" म्हणाला आणि रायफलीला पांढरा बनियन बांधून सरळ उत्तरेकडे चालत गेला. त्याचा हिशोब असा होता की ते आपल्याला रशियाच्या ताब्यात देतील आणि तिथून अदलाबदलीत घरी जाऊ. वय होतं २४.

परत यायला ३९ वर्षं लागली.

मुग्धा (बी-६०३), रात्री ९:१४
त्याच्याआधी पळून आलेले आणखी तीन अमेरिकन सैनिक तिथे होते. चौघांना कित्येक वर्षं एका छोट्या घरात ठेवलं आणि तिथला हुकूमशहा किम इल-सुंग याची भाषणं रोज दहा-दहा तास पाठ करायला लावली. हातावर अमेरिकन सैन्याचं गोंदण होतं, ते भूल न देता कातडीसकट कापून काढलं. प्रचारपटात दुष्ट अमेरिकन म्हणून उभं केलं. लष्करी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवायला लावलं. १९८० मध्ये हितोमीला त्याच्या घरी आणून सोडलं. लग्न झाल्यावर दोघांनी एक ठरवलं. रोज रात्री तो तिला जपानीत "ओयासुमी" म्हणायचा आणि ती त्याला इंग्रजीत "गुड नाइट". आपण मुळात कोण आहोत हे विसरू नये म्हणून.

मुलांना मी सांगितली ती एवढ्या एका गोष्टीसाठी. तो शूर होता असं एकदाही म्हटलेलं नाही.

जोशी आजी (ए-००१), रात्री ९:१७
वाचून पोटात कालवलं. आणि त्याच्या आईचं काय गं?

मुग्धा (बी-६०३), रात्री ९:२१
आजी, अथर्वचा प्रश्न तोच आहे. २००२ मध्ये जपानचे पंतप्रधान कोइझुमी प्योंगयांगला गेले, तेव्हा अपहरण केल्याचं उत्तर कोरियाने कबूल केलं आणि हितोमी परत आल्या. नवरा आणि दोन मुली तिकडेच. २००४ च्या जुलैमध्ये त्यांची भेट जकार्तात घडवली, कारण इंडोनेशिया त्याला धरून अमेरिकेच्या हवाली करणार नव्हता. तिथून तो जपानला आला आणि सप्टेंबरमध्ये झामा इथल्या अमेरिकन तळावर स्वतः हजर झाला. साठी ओलांडलेला माणूस, ताठ उभा राहून सॅल्यूट केला. कोर्ट मार्शलपुढे गुन्हा कबूल केला. ३० दिवस कैद, हुद्दा गेला, बडतर्फ. पुढच्या वर्षी अमेरिकेला जाऊन आईला भेटला. तिने नव्वदी ओलांडली होती. नंतर बायकोच्या सादो बेटावर पर्यटकांच्या दुकानात तांदळाची बिस्किटं विकायचा. डिसेंबर २०१७ मध्ये गेला.

कुलकर्णी (सी-४०१), रात्री ९:२४
फक्त ३० दिवस? आपल्याकडे असं झालं असतं तर?

शिंदे काका (ए-१०२), रात्री ९:३८
मी बोलू का? सव्वीस वर्षं मराठा लाइट इन्फंट्रीत काढली, सुभेदार म्हणून उतरलो.

आपल्याकडं सेना कायदा १९५०, कलम ३८. लढाईच्या ड्यूटीवर असताना किंवा त्या ड्यूटीचा हुकूम निघालेला असताना पळाला तर मृत्युदंडापर्यंत शिक्षा. एरवी सात वर्षांपर्यंत कैद. रजा संपून चार दिवस उशिरा आला तो वेगळा, त्याला भगोडा म्हणत नाहीत. तीस दिवस गायब राहिला की कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते आणि मग तसा शेरा पडतो. तो शेरा आईबापाच्या दारापर्यंत जातो. आमच्या साताऱ्याकडं घरटी फौजी, तिथं अशा घराकडं लोक कसं बघतात ते मी पाहिलंय.

मुग्धा, तू छान सांगितलंस. पण एक गोष्ट तुझ्याकडून राहिली. "पुढचं बघून येतो" असं ज्यांना सांगितलं, ते त्या अंधारात थांबले होते. तो त्यांचा सार्जंट होता. गस्तीत म्होरक्याच्या पाठीकडं बघून माणूस चालतो. माझा राग तिथं आहे. सीमा ओलांडली ती नंतर. आधी आपल्या माणसांना अंधारात उभं केलं.

चिन्मय (बी-२०४), रात्री ९:४६
काका, एक शंका आहे, उद्धटपणा समजू नका. त्याच सीमेवरून १३ नोव्हेंबर २०१७ ला उत्तर कोरियाचा एक सैनिक उलट दिशेने पळाला. जीप अडकली, उतरून धावला, मागून त्याच्याच सोबत्यांनी गोळ्या झाडल्या. दक्षिणेच्या सैनिकांनी सरपटत जाऊन त्याला ओढून आणला. ऑपरेशन करताना पोटात लांबच लांब जंत निघाले, म्हणजे तिकडे फौजेतसुद्धा खाण्याचे काय हाल असतील बघा. त्याला सगळ्या जगाने शाबासकी दिली. मग पळणं वाईट की कुठून पळाला ते महत्त्वाचं?

वैशाली (ए-३०५), रात्री ९:५३
चिन्मय, मला घरच्यांचा विचार आधी येतो. आपल्या धुळे जिल्ह्यातला जवान २९ सप्टेंबर २०१६ ला पलीकडे गेला होता, आठवतंय? चुकून गेल्याचं तेव्हा सैन्याने सांगितलं होतं, त्यामुळे त्याची गोष्ट वेगळी. पण बातमी ऐकून त्याची आजी गेली. त्याला २१ जानेवारी २०१७ ला वाघा सीमेवर परत दिलं. तेवढे चार महिने मी रोज पेपरात आधी तीच बातमी शोधायचे. माझा भाऊ तेव्हा राजौरीला होता.

सेक्रेटरी (सी-१०१), रात्री ९:५५
मध्ये बोलतोय, माफ करा. उद्या टाकी धुणार आहेत, १० ते १ पाणी बंद. चालू द्या.

शिंदे काका (ए-१०२), रात्री १०:१२
चिन्मय, शंका चांगली आहे. माझ्यापुरतं सांगतो. त्या पोराला तिकडं हाक मारायला जागाच नव्हती. ज्या फौजेत जागा आहे, तिथं ती न वापरता पळणं मला माफ करता येत नाही. पण ती जागा खरोखर उघडी ठेवायची जबाबदारी वरच्याची, आणि त्यात मीही आलो.

एका हिवाळ्यात वरच्या चौकीवर होतो. माझ्या हाताखाली एक पोरगा होता. घरी बहिणीच्या लग्नाचा खर्च, सावकार दारात, रजा दोनदा नाकारलेली. बोलणं बंद झालं त्याचं. जेवणाचं ताट तसंच परत जायचं. सैनिक संमेलनात साहेब विचारतात, "कोई तकलीफ?" आणि सगळे म्हणतात, "नहीं साहब." तोही तेच म्हणाला. मी ऐकलं आणि पुढं गेलो. त्याचा बडी, म्हणजे जोडीचा जवान, एका रात्री माझ्याकडं आला. म्हणाला, उस्ताद, हा संत्री ड्यूटीला तारेपलीकडंच बघत बसतो. मी उठून गेलो, त्याच्याशेजारी बसलो. उजाडेपर्यंत तो बोलला. सकाळी मी साहेबांपुढं उभा राहिलो, रजा मिळाली. तो परत आला आणि पूर्ण नोकरी करून पेन्शनवर गेला. दिवाळीला फोन येतो.

बडीनं सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

शिंदे काका (ए-१०२), रात्री १०:२०
आणखी एक, कारण कोरियाचा विषय निघालाय. १९५३ च्या जुलैमध्ये तिथं युद्धबंदी झाली. दोन्ही बाजूंचे काही युद्धकैदी घरी परत जायला तयार नव्हते, २२ हजारांहून जास्त. त्यांना सांभाळायला आपली फौज त्या सीमेच्या पट्ट्यात गेली होती. तिचे प्रमुख आपले मेजर जनरल थोरात, कोल्हापूरचे. प्रत्येकाला समजावून सांगायचं आणि घरी जायचं की नाही हे त्यालाच ठरवू द्यायचं, असं काम. छावणीत आपसात मारामाऱ्या, खून. शेवटी त्यातले ८८ जण आपल्या फौजेबरोबर भारतात आले. आमचे जुने उस्ताद सांगायचे, सगळ्यात अवघड ड्यूटी ती. समोर बंदूकधारी शत्रू नाही, घर सोडलेला माणूस आहे.

कुलकर्णी (सी-४०१), रात्री १०:२९
काका, हे ठाऊक नव्हतं. मुग्धाताई, माझा सूर जरा चढा लागला. पळालेल्याला सहानुभूती द्यावी हे अजून पटत नाही, मामांचा चेहरा समोर येतो. पण गोष्ट सांगायला हरकत घेणार नाही. फक्त काकांनी सांगितलेली बाजूही मुलांना कळायला हवी.

मुग्धा (बी-६०३), रात्री १०:३३
दादा, बरोबर आहे, ती माझ्याकडून राहिलीच. गस्तीतल्या बाकीच्यांचा विचार माझ्या मनातसुद्धा आला नव्हता. काका, पुढच्या शनिवारी तुम्ही याल का? अर्धा तास तुमचा.

कुलकर्णी (सी-४०१), रात्री १०:३७
अथर्व अजून जागाच आहे. विचारतोय, ते सैनिक किती वेळ थांबले असतील?

शिंदे काका (ए-१०२), रात्री १०:४१
त्याला सांगा, मी असतो तर उजाडेपर्यंत थांबलो असतो. पुढं गेलेला आपला माणूस आहे, जखमी होऊन पडला असेल, असंच वाटतं आधी. पळाला असेल हे डोक्यात येतच नाही.

शनिवारी पाचला येतो. चिन्मय, उद्या सकाळी शिडी घेऊन ये, झेंड्याच्या खांबाची दोरी बदलायची आहे.