आय३-२१२० चा जुना डेस्कटॉप: २+२ जीबी काढून ८+८ रॅम चालेल का?

भांडुपकर७८
असेंबल केलेला पीसी आहे. इंटेल आय३-२१२०, एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, १३३३ वेगाच्या डीडीआर३ रॅमच्या २-२ जीबीच्या दोन स्टिक, ५०० जीबी हार्डडिस्क, विंडोज १० ६४ बिट. वेगळं ग्राफिक कार्ड नाही. क्रोमचे सात-आठ टॅब आणि एक्सेलची मोठी शीट एकत्र उघडली की माउससुद्धा अडखळतो. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ९० टक्क्यांच्या वर, डिस्क सतत १००.

१६ जीबीपर्यंत जाता येईल का? दुकानदार १६०० ची रॅम देतायत, ती चालेल का? आणि जुनी २ ची एक ठेवून शेजारी ८ ची लावली तर? शनिवारी लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जायचा विचार आहे. नवीन मशीनचं बजेट नाही, तो सल्ला कृपया नको.

स्लॉटवाला
१६ जीबी चालेल. एच६१ ला एका चॅनलवर (प्रोसेसर आणि रॅममधला रस्ता) एकच स्टिक बसते, म्हणून बोर्डावर दोनच स्लॉट असतात आणि ८+८ ही हद्द. ब्रँडेड ऑफिस मशीन असतं तर आधी मॅन्युअल बघा म्हटलं असतं, कारण काही कंपन्या बायोसमध्येच (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) मर्यादा घालतात.

१६०० ची स्टिक खाली उतरून १३३३ वर चालेल, २१२० मधला रॅम सांभाळणारा कंट्रोलर त्याच्या वर जात नाही. १६०० साठी जास्त पैसे मोजू नका, पण त्याच भावात मिळाली तर तीच घ्या. पुढे बायोस अपडेट करून तिसऱ्या जनरेशनचा आय५ टाकलात तर पूर्ण वेग मिळेल.

२+८ लावता येते. त्यात २+२ एवढाच भाग ड्युअल चॅनलमध्ये (दोन्ही रस्ते एकदम, म्हणून वेगात) चालतो, उरलेले ६ जीबी सिंगलमध्ये. तुमचं ग्राफिक प्रोसेसरमधलंच आहे आणि ते याच रॅममधून वाटा घेतं, त्यामुळे सारखी जोडी जास्त फायद्याची. माझं मत विचाराल तर तुमच्या वापराला ४+४ पुरे. दोन कोअरच्या आय३ वर १६ जीबी भरण्याइतकं काम तुम्ही सांगितलेलं नाही.

आता खरेदीचं. स्टिकरवर पीसी३-१०६०० म्हणजे १३३३ आणि पीसी३-१२८०० म्हणजे १६००. त्याच्या शेवटचं अक्षर नीट बघा. यू म्हणजे साधी डेस्कटॉप रॅम, ती आपली. आर म्हणजे सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम. ती स्वस्तात मिळते, स्लॉटमध्ये बसतेही, पण डिस्प्ले येणार नाही. मधोमध एक वेगळी छोटी चिप आणि मेमरी चिप ९ किंवा १८ दिसल्या तर हात लावू नका. पीसी३ नंतर एल असेल तर ती १.३५ व्होल्टची, पण १.५ वरही चालते, बिनधास्त घ्या.

८ ची स्टिक घ्यायचीच असेल तर चिप मोजा. दोन्ही बाजू मिळून १६ हव्यात. एकाच बाजूला ८ चिप असलेली ८ जीबी डीडीआर३ म्हणजे प्रत्येक चिप ८ गिगाबिटची, आणि त्या चिप तुमच्या प्रोसेसरला ओळखता येत नाहीत. ४ जीबीत ही भानगड नाही, ८ चिप असोत की १६, दोन्ही चालतात. त्याआधीच्या जी४१ चिपसेटच्या बोर्डवाल्यांनी मात्र हे वाचून ८ चिपची ४ जीबी घेऊ नये, त्यांना १६ चिपचीच लागते.

जुनी रॅम खिशात घालून न्या, खाच जुळवून बघता येते. डीडीआर२ लाही २४० च पिना असतात, फरक फक्त खाचेच्या जागेचा. वापरलेला माल असेल तर टेस्टिंग वॉरंटी बिलावर लिहून घ्या, तोंडी नको. रविवारी बरीचशी दुकानं बंद असतात, शनिवार ठीक.

कसारा_स्लो
रॅम घ्याच, पण डिस्क १०० टक्के ही अर्धी तक्रार हार्डडिस्कची आहे. मेमरी संपली की विंडोज न मावलेला डेटा डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये लिहितं, आणि फिरणारी डिस्क तिथेच गुडघे टेकते. ८+८ च्या पैशात ४+४ आणि २४० जीबीची साटा एसएसडी (साटा पोर्टला लागणारी, फिरणारे भाग नसलेली वेगवान डिस्क) बसतेय का बघा. एच६१ चे पोर्ट साटा २ चे, म्हणजे सेकंदाला साधारण २७० एमबीच्या वर वेग जाणार नाही. तरी फरक पहिल्या बूटलाच कळेल. बायोसमध्ये साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) जुना आयडीई असेल तर विंडोज नव्याने टाकण्याआधी एएचसीआय करा. विंडोज टाकून झाल्यावर थेट बदललात तर निळा स्क्रीन.

मुलुंड_चेकनाका
याच धाग्यात विचारतो. बोर्ड एच६१ च, प्रोसेसर आय३-३२२०. ऑनलाइन घेतलेली ८ जीबी १६००, चिप १६, तरी डिस्प्ले नाही. पंखा फिरतो, कॅबिनेटला बीप देणारा बझर नाही. जुनी २ ची लावली की चालू. स्टिकरवर फक्त ८ जीबी आणि १६०० एवढंच छापलंय.

स्लॉटवाला
लिस्टिंगमध्ये कुठे बारीक अक्षरात "एएमडी बोर्डसाठी" लिहिलंय का बघा. १६ चिप असूनही न चालण्याचं हे नेहमीचं कारण. साध्या ८ जीबीत ८-८ चिपच्या दोन रांका (एकत्र काम करणारे चिपचे गट) असतात आणि प्रत्येक चिप ८ बिट रुंद, स्टिकरवर २आर-एक्स८. या स्वस्तातल्या स्टिकमध्ये ४ बिट रुंदीच्या १६ चिप मिळून एकच रांक होते, म्हणजे १आर-एक्स४. इंटेलचा डेस्कटॉप कंट्रोलर एक्स४ घेत नाही. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, आणि बिननावाच्या मालावर ही ओळ छापलेलीच नसते.

परत करण्याआधी एवढं करून बघा: जुनी स्टिक काढा, नवीन एकटी आधी एका स्लॉटमध्ये, मग दुसऱ्यात. मेन वायर काढून बायोसच्या सेटिंग जपणारी सीमॉस बॅटरी, सीआर२०३२, दहा मिनिटं बाहेर ठेवा आणि पुन्हा लावून चालू करा. तरीही डिस्प्ले नाही तर परत द्या, बायोस अपडेटने हे सुटत नाही.

भांडुपकर७८
४+४ आणि एसएसडी ठरवलं. लावताना काय सांभाळायचं?

कसारा_स्लो
वायर भिंतीतून काढा आणि पॉवर बटण पाच-सात सेकंद दाबून ठेवा, उरलेला करंट जातो. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून मगच रॅम धरा, तीही कडेने. स्लॉटच्या क्लिपा उघडा. काही बोर्डांवर ग्राफिक कार्डाच्या बाजूला क्लिप नसते, ती तुटली असं समजू नका. खाच जुळवून दोन्ही टोकांना अंगठ्यांनी सरळ दाबा, क्लिप आपोआप वर येऊन टक् झाली पाहिजे. अर्धवट बसलेली रॅम हेच डिस्प्ले न येण्याचं पहिलं कारण.

मुंबईच्या दमट हवेत पिना काळपट पडतात, वापरलेल्या मालाच्या तर हमखास. पांढऱ्या मऊ खोडरबराने हलकं पुसा, चुरा ब्रशने झाडा. शाईचं खरबरीत खोडरबर नको, सोनेरी मुलामा निघतो. स्लॉटमध्ये तोंडाने फुंकू नका, थुंकीचे थेंब जातात. ब्लोअर किंवा कोरडा ब्रश वापरा.

सुरू झाल्यावर सीपीयू-झेड (हार्डवेअरची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) च्या मेमरी टॅबमध्ये चॅनल ड्युअल आणि वेग साधारण ६६५ मेगाहर्ट्झ दिसेल. तो अर्धाच दिसतो, म्हणजे १३३३ बरोबर आहे. मग पेनड्राइव्हवरून रॅम तपासणारं मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवा. एकही लाल ओळ आली तर स्टिका एकेक करून तपासा आणि वॉरंटीत बदलून घ्या.

विंडोजमध्ये ८ पैकी ४ च वापरण्याजोगे दिसले तर एमएसकॉन्फिग (विंडोजमधलंच सेटिंगचं टूल) च्या बूट टॅबमध्ये ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स उघडा. "मॅक्सिमम मेमरी" वर टिक असेल तर काढा. आठांपैकी थोडे कमी दिसणं मात्र ठीकच, तो ग्राफिकचा वाटा.