‘१५ हजारांत आय७’ : कुठला आय७, ते तरी विचारा

सोल्डरगन (धागाकर्ता)

काल इथेच एका महाशयांनी लिहिलं, “दुकानाच्या बिलिंगला नवा संगणक घेणारे येडे. १५ हजारांत आय७, ८ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, वर वायफाय फुकट.” खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. उत्तर लांबलं म्हणून वेगळा धागा.

या भावात मिळतो तो बहुधा आय७-२६०० प्रोसेसर, २०११ चा. तो बसतो एच६१ मदरबोर्डावर, आणि हे बोर्ड अजूनही नवेकोरे बनून येतात, त्यामुळे गिऱ्हाइकाला चकचकीत माल दिसतो. एच६१ चिपसेटला साटा, म्हणजे डिस्क जोडायची वाट, सेकंदाला ३ गिगाबिटचीच. म्हणजे डब्यावर सेकंदाला ५५० एमबी लिहिलेली एसएसडी पावणेतीनशेच्या आसपास धावणार. रॅम जुन्या पिढीची, डीडीआर३. टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नाही, प्रोसेसरही मायक्रोसॉफ्टच्या यादीत नाही, म्हणजे विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. यावर नेटबँकिंग करायचं, डिजिटल सहीचं टोकन लावायचं आणि जीएसटी भरायचा?

टॅली, ब्राउझर, व्हॉट्सॲप वेब आणि एक प्रिंटर, एवढ्यासाठी माझी यादी: आय३-१२१००, एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान एसएसडी) स्लॉट असलेला एच६१० बोर्ड, ८ जीबीची एकच स्टिक, नावाजलेल्या कंपनीची ५०० जीबी एनव्हीएमई, ४५० वॅटचा ८० प्लस ब्रॉन्झ एसएमपीएस (आतल्या भागांना वीज देणारा डबा), ६०० व्हीएचा यूपीएस. बोर्ड डीडीआर४ आहे की डीडीआर५, ते बघूनच रॅम घ्या. नाव एच६१०च असतं, पण एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही. आणि १२१००एफ खपवला जातोय का, ते बघा. थोडा स्वस्त असतो, पण ‘एफ’ला अंगचे ग्राफिक्स नाहीत. घरी आणून बोर्डाच्या एचडीएमआयला मॉनिटर लावला की पडदा काळा. मग “कार्ड लागेल” म्हणून जीटी ७१० हे जुनं ग्राफिक्स कार्ड गळ्यात.

मोडीतलंसोनं

एच६१ कचरा आहे, मान्य. पण त्या काठीने सगळ्या जुन्या मालाला झोडपू नका. कंपन्यांतून निघालेले डेलचे ऑप्टिप्लेक्स, लेनोव्होचे थिंकसेंटर, एचपीचे एलिटडेस्क घ्या, आय५-८५०० वाले. सहा कोअर, विंडोज ११ ला चालतो, बहुतेकांत विंडोजचं लायसन्स बायोसमध्येच असतं. तुमची यादी जोडली आणि वर अस्सल विंडोज घेतलं, तर याच्या दुप्पट बिल होतं. की विंडोज तुमच्या यादीत फुकट धरलंय?

घेताना: टीपीएम डॉट एमएससी चालवून २.० दिसतंय ना, बघा. क्रिस्टल डिस्क इन्फोमध्ये एसएसडीचे तास बघा. कितीही असोत, ती काढून नवी घाला. प्रोसेसरवरची पेस्ट बदला, बोर्डावरचा सीआर२०३२ सेल बदला. संपलं.

सोल्डरगन

संपलं कसं? त्याच ऑप्टिप्लेक्सच्या बोर्डाला वीज घ्यायची नेहमीची २४ पिनची जागा नाही, सहा पिनची आहे. एसएमपीएस महिन्याच्या २० तारखेला, जीएसटीचं ३बी विवरण भरायच्या दिवशी गेला, तर तालुक्याच्या गावात कुठल्या दुकानात मिळणार? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवा आणि विलंब शुल्क भरा. साध्या एटीएक्स मापाच्या मशीनचं तसं नाही, कोणत्याही दुकानातला एसएमपीएस लागतो.

मोडीतलंसोनं

२४ पिनचं सहा पिन करणारी केबल मिळते, काही शेकड्यांत. ती मशीनबरोबरच घेऊन ठेवायची. नाहीतर वाचलेल्या पैशात दुसरं अख्खं मशीन माळ्यावर ठेवा. एसएमपीएस, रॅम, बोर्ड, सगळं स्पेअर एका डब्यात. तुमच्या आय३ चा बोर्ड गेला तर वॉरंटीतून परत येईपर्यंत बिलं हातानं फाडणार का?

पक्कंबिल

दोघंही किमती बोलताय, पण पक्कं बिल की कच्चं, ते बोलत नाही! २५,००० चा माल, १८ टक्के जीएसटी म्हणजे ४,५००. दुकानदार म्हणतो, “बिल नको असेल तर २५ मध्ये करू.” नेहमीच्या नोंदणीतल्या व्यापाऱ्याला ते ४,५०० क्रेडिटमध्ये (भरायच्या जीएसटीतून वजा होऊन) परत मिळतात, म्हणजे त्याने वाचवलं शून्य आणि वॉरंटीचा कागद घालवला. एसएसडी मेली की “बिल आणा” म्हणतात, तेव्हा कळतं.

तराजू

आणि जीएसटीच्या कंपोझिशन योजनेतला, म्हणजे विक्रीवर ठोक दराने कर भरणारा? त्याला क्रेडिट मिळतच नाही. निम्मे किराणावाले त्यातच. सगळ्यांना एकच गणित लावू नका.

पक्कंबिल

निम्मे कुठून मोजले? पण बरं, कंपोझिशनवाल्याला ४,५०० अंगावरच. तरी बिल घ्याच.

वायरमन

प्रोसेसरवर रात्र जागवा. दुकानातले संगणक मरतात ते विजेने, आणि सोल्डरगनच्या यादीत अर्थिंगचा ‘अ’ नाही.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात ना? सगळे म्हणतात, एसएमपीएस खराब. तो बदलतात, तरी झिणझिण्या तशाच. कारण एसएमपीएसच्या तोंडाशी फेज आणि न्यूट्रलमधून पत्र्याकडे दोन छोटे कपॅसिटर जातात, फिल्टरचे. अर्थिंग असेल तर त्यातली गळती जमिनीत जाते. नसेल तर पत्रा दोघांच्या मधोमध लटकतो, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास. करंट अगदी कमी, माणूस मरत नाही. पण दुसऱ्या सॉकेटवरचा थर्मल प्रिंटर किंवा वजनकाटा चालू मशीनला जोडला की तो फरक केबलमधून वाट काढतो, आणि पोर्ट जातो. मग “प्रिंटर निकृष्ट”.

मोडीतलंसोनं

धागा संगणकाच्या भागांचा आहे की वायरिंगच्या ठेक्याचा? अर्थिंग घरमालकाने करायचं असतं. भाड्याच्या गाळ्यात भोकं पाडू देतात का?

वायरमन

तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन कापून टू-पिनमध्ये खुपसणारे हेच बोलतात. भोक नको, मल्टिमीटर घ्या, स्वस्तातला चालतो. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास. फेज-अर्थही तेवढाच. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. तिथे ४०, ६० असलं काही दिसलं तर आय३ काय आणि आय५ काय.

छोटापेटी

या सगळ्यावर उतारा: एन१०० चा मिनी पीसी. बहुतेक १२ व्होल्टच्या अडाप्टरवर चालतात. राउटरला लावतो तसला, पण जास्त अँपियरचा डीसी यूपीएस लावला की एसएमपीएस, यूपीएस दोन्हींची कटकट गेली. टॅलीला चार कोअर पुष्कळ.

तराजू

आणि वजनकाट्याची सिरियल केबल कुठे लावू, कानात? एच६१० च्या बऱ्याच बोर्डांवर कॉम (म्हणजे सिरियल) पोर्टची पिनांची रांग असते, पट्टी विकत घेऊन मागे बसवता येते. बहुतेक मिनी पीसींना ते नाही. डॉट मॅट्रिक्सचीही तीच गत. यूएसबी-पॅरलल केबल लावली की विंडोजमधून छापतं, पण डॉसवरचं जुनं बिलिंग एलपीटी१ (जुना पॅरलल पोर्ट) वरच धाडतं आणि कागद हलत नाही. मग प्रिंटर शेअर करून ‘नेट यूज एलपीटी१’ने जोडावा लागतो. हे विकणारा सांगत नाही.

छोटापेटी

यूएसबी-सिरियल केबल नावाची वस्तू असते. पण डॉसवाल्यांपुढे हात टेकले.

सोल्डरगन

वायरमन, अर्थिंग राहिलं, कबूल. पण मग यूपीएसचंही पूर्ण सांगा. ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॅट, त्यावर लेझर प्रिंटर लावायचा नाही. त्यातला फ्यूझर (शाई कागदावर भाजणारा भाग) तापताना एकदम वीज ओढतो आणि यूपीएस किंचाळून बसतो. बॅटरी १२ व्होल्ट ७ एएच, दोन-तीन वर्षांत संपते. ‘यूपीएस घेतलाय’ म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांची टॅलीची डेटा फाइल तेव्हाच खराब होते.

मोडीतलंसोनं

दुकानात इन्व्हर्टर असेल तर यूपीएस कशाला? मागचं बटण यूपीएस मोडवर टाका.

वायरमन

टाका, पण त्या मोडमध्ये तो साधारण १८० ते २६० व्होल्टच मेन्स घेतो. संध्याकाळी गावात १७० आले की बॅटरीवर, १८५ आले की मेन्सवर, रात्रभर टकटक. साध्या मोडवर टाकलं तर शंभरापर्यंत चालतो, पण बदलायला वेळ घेतो आणि संगणक रीस्टार्ट. म्हणून इन्व्हर्टर असला तरी संगणकापुढे छोटा यूपीएस हवाच.

मोडीतलंसोनं

बरं बाबा, यूपीएस घेतो, मल्टिमीटरही घेतो. आय५-८५०० मात्र सोडत नाही. आणि आत्ताच सगळं चालू असताना गाळ्यातल्या सॉकेटला मीटर लावला: न्यूट्रल-अर्थ चक्क ०.०. झालं समाधान? दोन-तीनच्या आत काय, शून्य!

वायरमन

लोड चालू असताना अगदी शून्य? मेन बंद करा आणि त्या सॉकेटची प्लेट उघडा. न्यूट्रलवरून अर्थच्या पिनेला तारेचा तुकडा मारलेला दिसेल बहुतेक. न्यूट्रल तुटला तर अख्खी कॅबिनेट २३० वर येईल. तोवर त्या ऑप्टिप्लेक्सला हात लावू नका.