इंद्रायणी भाताला वासच नाही, पेरणी कधी करावी?

येळ्ळूरकर_शिवार: नमस्कार मंडळी. बोअरला पाणी होतं म्हणून यंदा 20 गुंठ्यात उन्हाळी इंद्रायणी केली, जानेवारीत बी टाकलं, मे अखेरीला कापली. उतारा बरा आला पण भात शिजवला तर वास काहीच नाही. आई म्हणाली, रेशनचा तांदूळ आणलास काय रे. खत कमी पडलं की काय? आता खरिपाला कधी पेरू सांगा की.

मातीतला_माणूस: बी भेसळ असणार. दुकान बदला.

येळ्ळूरकर_शिवार: नाही ओ, घरचंच बी. त्याच वाफ्यातलं खरिपाचं भात शिजलं की शेजारी विचारत यायचे.

खानापूरची_अक्का: मग झालं की, बी तेच, शेत तेच, बदललं ते फक्त ऊन. दाणा भरताना थंडावा लागतो बघा, दिवसा 25-26 आणि रात्री 20च्या आसपास असलं की वास चांगला धरतो, आणि तुमचं भात भरलं एप्रिल-मेच्या 36 डिग्रीत. माझा भाचा बीएस्सी ॲग्री करूलालाय, तो सांगतो की वासाचं ते टू-असेटिल-वन-पायरोलिन का काय ते उन्हात कमी तयार होतं. नाव मला पाठ व्हायला दोन दिवस लागले 😄

इंद्रायणीला 135-140 दिवस लागतात, निसवल्यावर, म्हणजे लोंबी बाहेर पडल्यावर, कापणीला महिनाभर, तेव्हा थंडावा कधी येतो ते बघून उलटं मोजा. मे अखेरीला धूळवाफ, म्हणजे पावसाआधी कोरड्यात, पेरलं तर ऑक्टोबरचं ऊन नाहीतर परतीचा पाऊस गाठतोय. आम्ही जूनच्या मध्याला तरू (रोपांसाठी बी) टाकतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला कापतो, शेवटचे पंधरा दिवस सकाळी शेतात दव असतं. आणखी लांबवू मात्र नका, पोटरीतच, लोंबी बाहेर यायच्या आधी, थंडी लागली तर निम्मी लोंबी पोचट.

मातीतला_माणूस: बरं, बियाचं मागे घेतो. पण युरिया जास्त मारला तरी वास कमी होतो असं म्हणतात. आणि कापून कडक उन्हात डांबरी रस्त्यावर पसरू नका, सावलीत वाळवा.

येळ्ळूरकर_शिवार: रस्त्यावरच वाळवलं होतं 🙈 मग उन्हाळ्याला त्या जागेत कोथिंबीर घालू काय?

खानापूरची_अक्का: एप्रिलात? पान धरायच्या आधीच फुलावर जाते ती. कोथिंबीर नोव्हेंबर-डिसेंबरात टाका, धणे चपलेनं रगडून दोन फोडी करून. उन्हाळ्याला आपली वैरणीची मका बरी.