को-जनमधल्या डिप्लोमावाल्याने पुढे काय शिकावं? एनर्जी ऑडिटर की एन्व्हायर्न्मेंट?

बगॅसवाला

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या को-जनला (बगॅस म्हणजे उसाचा चोथा जाळून वाफ आणि वीज करणारा विभाग) शिफ्ट इंजिनिअर आहे, डिप्लोमा मेकॅनिकल, ९ वर्षं झाली. बॉयलर, टर्बाईन, फीड वॉटर, अॅश हँडलिंग सगळं हाताखालून गेलंय. आता गाळप संपलंय, ओव्हरहॉलिंग सुरू आहे, त्यामुळे संध्याकाळी तास-दोन तास मिळतात आणि ते मोबाईलवर घालवण्यापेक्षा काहीतरी शिकावं असं डोक्यात आहे.

प्रश्न असा की शिकू काय? एक जण म्हणतो बीईईचा एनर्जी ऑडिटर काढ, दुसरा म्हणतो आता डिस्टिलऱ्या वाढल्यात, एन्व्हायर्न्मेंटवाल्यांना मागणी आहे, इग्नूचा पीजी डिप्लोमा कर (पण तो ग्रॅज्युएटला ना? मी नुसता डिप्लोमा). तिसऱ्याने एनपीटेल (आयआयटीवाल्यांचे ऑनलाईन कोर्स) सांगितलं. नोकरी सोडून कुठे जाणं शक्य नाही, घरी लहान पोरं आणि आई-वडील आहेत. आणि खरं सांगायचं तर परीक्षा देऊन जमाना झाला, इंग्लिश पेपर लिहायचा म्हटलं की पोटात गोळा येतो. कोणी या वाटेने गेलंय का?

ऑडिटवाला पुणे

भाऊ, बीईईचं आधी सांगतो कारण त्यात लोकांचा फार घोळ असतो. बीईई म्हणजे ऊर्जा संवर्धन कायदा २००१ खाली झालेलं केंद्राचं ब्युरो, त्यांची राष्ट्रीय परीक्षा असते. चार पेपर. पहिला जनरल, म्हणजे कायदे, एनर्जी बॅलन्स, फायनान्शियल कॅल्क्युलेशन वगैरे, दुसरा थर्मल युटिलिटी, तिसरा इलेक्ट्रिकल युटिलिटी, आणि चौथा इक्विपमेंटचा परफॉर्मन्स असेसमेंट. पहिले तीन पास झालास की एनर्जी मॅनेजर, चारही झाले की एनर्जी ऑडिटर. प्रत्येक पेपरला ५० टक्के लागतात. चौथा ओपन बुक आहे, पण ओपन बुक म्हणून हुरळून जाऊ नकोस, पुस्तक उघडून शोधत बसलास की वेळ संपतो.

डिग्रीवाल्याला ३ वर्षांचा अनुभव लागतो, डिप्लोमावाल्याला ६. तुझे ९ आहेत, म्हणजे बसतोस. अनुभवाचं पत्र मात्र नीट घे, त्यात एनर्जीशी संबंधित ऑपरेशन, मेंटेनन्स, प्लॅनिंग असं काम स्पष्ट यायला हवं, नुसतं "शिफ्ट इंजिनिअर म्हणून कार्यरत" असं एचआरने लिहून दिलं की पुढे कटकट.

आणि दुसरा घोळ म्हणजे सर्टिफाईड आणि अॅक्रेडिटेड. परीक्षा पास म्हणजे सर्टिफाईड. डेझिग्नेटेड कन्झ्युमरचं (जास्त ऊर्जा वापरणारे, सरकारने नेमून दिलेले उद्योग) कायद्याने बंधनकारक असलेलं ऑडिट करायला अॅक्रेडिटेड लागतो, त्याला वर ऑडिटचा ५ वर्षांचा अनुभव आणि त्यातला ३ वर्षांचा एनर्जी इंटेन्सिव्ह उद्योगातला. त्यामुळे परीक्षा झाली की दुसऱ्या दिवशी बोर्ड लावून स्वतःचं ऑडिट फर्म सुरू असं होत नाही, तसं कोणी सांगत असेल तर ऐकू नकोस. शिवाय सर्टिफिकेट टिकवायला दर ५ वर्षांनी रिफ्रेशर ट्रेनिंग करावं लागतं, ते लोक विसरतात.

अभ्यासाला बीईईची चार गाईड बुकं आहेत, पीडीएफ फुकट मिळतात, जुने पेपर उत्तरांसकट मिळतात. क्लास लावायची गरज नाही, माझं मत.

ईटीपीताई

मी डिस्टिलरीला एन्व्हायर्न्मेंट सांभाळते म्हणून दुसरी बाजू मांडते. मागणी आहे हे खरं. साखर आणि डिस्टिलरी दोन्ही त्या १७ जास्त प्रदूषण करणाऱ्या उद्योगांच्या यादीत आहेत, ऑनलाईन मीटर लावून डेटा थेट प्रदूषण नियंत्रण बोर्डाकडे जातो, पंप रात्री तीनला बंद पडला तरी कळतं. पण दादा, यातलं अर्धं काम कागदाचं आहे हे आधी सांगून ठेवते. बोर्डाच्या कन्सेंटचे (परवानगीचे) कागद, हॅझार्डस वेस्टचा फॉर्म ४ जूनअखेर, फॉर्म ५ म्हणजे एन्व्हायर्न्मेंट स्टेटमेंट ३० सप्टेंबरच्या आत, सॅम्पलिंगला माणसं आली की त्यांच्या मागे फिरा. ज्याला बॉयलरच्या समोर उभं राहायची सवय आहे त्याचा जीव यात रमेलच असं नाही.

पण ऐक, तुमच्याकडे हे दोन विषय वेगळे आहेत असं समजूच नकोस. उसात साधारण ७० टक्के पाणी असतं. ५००० टीसीडीचा (दिवसाला तेवढे टन ऊस गाळणारा) कारखाना धरला तर दिवसाला ३५०० टन पाणी उसाबरोबरच आत येतं. ते इव्हॅपोरेटरमधून (रस आटवायची भांडी) कंडेन्सेट म्हणजे वाफेचं पाणी होऊन परत मिळतं, म्हणजे नीट वापरलं तर बाहेरून पाणी घ्यायची फारशी गरजच पडू नये. आणि नियम काय सांगतो, टन उसामागे २०० लिटरपेक्षा जास्त सांडपाणी बाहेर नको, म्हणजे त्याच कारखान्याला दिवसाला १० लाख लिटर. कुठल्या तरी पॅनमधून (साखर शिजवायचं भांडं) रस वाफेबरोबर कंडेन्सेटमध्ये गेला, म्हणजे कॅरीओव्हर झाला, की साखर ओळखायच्या अल्फा नेफथॉल टेस्टला रंग येतो, तुम्ही ते पाणी बॉयलरला घेत नाही, ड्रेनला सोडता, आणि मग ते साखरेचं पाणी येतं आमच्या ईटीपीला (सांडपाणी शुद्धीकरणाचा प्लँट), बीओडी म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप चढतं आणि शिव्या आम्हाला. मिल बेअरिंगचं तेल आणि ग्रीस गटारात जातं तेही तसंच. हे सगळं मेकॅनिकलवाल्याच्या हातात आहे, एन्व्हायर्न्मेंटवाल्याच्या नाही. मला तर वाटतं ईटीपीचा निम्मा त्रास ईटीपीच्या बाहेरच मिटतो, पण मीटिंगमध्ये हे बोललं की सगळे चीफ इंजिनिअरच्या तोंडाकडे बघतात.

इग्नूच्या पीजी डिप्लोमाला पदवी लागते, तुझा अंदाज बरोबर आहे.

जुना चीफ

सगळे कोर्सेसबद्दल बोलताय, मी जरा आकड्याबद्दल बोलतो. रिटायर्ड आहे, वेळ आहे.

बगॅसवाले, तुमच्या कारखान्याचा स्टीम पर्सेंट ऑन केन (उसाच्या वजनाच्या किती टक्के वाफ लागते) किती आहे ते सांगू शकता का? नुसतं रिपोर्टमध्ये छापलेलं नाही, फ्लो मीटर कधी कॅलिब्रेट केलाय ते माहिती असलेला आकडा. मी हे विचारतो कारण इथेच पैसा आहे. ५००० टीसीडी म्हणजे तासाला साधारण २०८ टन ऊस. स्टीम ४८ टक्क्यांवरून ४२ वर आणली तर तासाला साडेबारा टन वाफ वाचते. एक किलो बगॅसला २.२ किलो वाफ धरा, म्हणजे तासाला साडेपाच टनाच्या वर बगॅस शिल्लक. हंगामभर गुणाकार करून बघा आणि एमडीसाहेबांसमोर ठेवा, कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा जास्त ऐकतील.

हे करायला रॉकेट सायन्स लागत नाही. ज्यूस हीटर आणि पॅनला टर्बाईनची ताजी एक्झॉस्ट वाफ न देता इव्हॅपोरेटरच्या बॉडीत रसातून निघालेली वाफ काढून (व्हेपर ब्लीड करून) द्यायची, पॅनवाल्याने जास्तीचं पाणी मारायचं नाही, इम्बिबिशन (मिलमध्ये चोथ्यावर मारायचं पाणी) मोजून द्यायचं. शेवटच्या दोन गोष्टींना तर रुपयाही लागत नाही, पण त्यासाठी पॅन फ्लोअरवर जाऊन भांडावं लागतं आणि को-जनवाला प्रोसेसमध्ये नाक खुपसतोय असं ऐकून घ्यावं लागतं.

सर्टिफिकेटला माझा विरोध नाही. पण आमच्याकडे एक-दोन पोरं पास होऊन आली, भिंतीवर फ्रेम लागली, काम तेच. शिकायचं असेल तर आपल्याच प्लँटवर शिका.

ऑडिटवाला पुणे

सर, फ्रेमचं खरं आहे. पण उलट बाजू पण बघा, ज्याला अभ्यासच नाही त्याला व्हेपर ब्लीडिंगचा हिशोब मांडता येत नाही, तो चीफ म्हणेल ते ऐकतो. परीक्षेच्या अभ्यासात बॉयलरची इनडायरेक्ट मेथड (एकेक लॉस मोजून कार्यक्षमता काढायची) येते, ती बगॅसला लावून बघितली की माणूस चक्रावतो. बगॅसमध्ये ५० टक्के ओलावा, जीसीव्ही (इंधनाची एकूण उष्णता) किलोला २२७० किलोकॅलरी धरा, फ्ल्यू गॅस १५० अंशावर जातोय, बाहेर ३०. नुसत्या ओलाव्याचा लॉस १४ टक्के, हायड्रोजनचा अजून ८ च्या आसपास. म्हणजे चिमणीतून २२ टक्के गेले, कोरड्या गॅसचा हिशोब अजून बाकीच आहे. मग कळतं की मिलमधून येणाऱ्या बगॅसचा ओलावा दोन टक्क्यांनी कमी करायला चीफ का ओरडतो, आणि बगॅस बॉयलर जीसीव्हीवर ७० टक्क्यांच्या आसपास का अडकतो. ते एकदा स्वतःच्या हाताने कागदावर मांडलं की विसरत नाही.

फ्ल्यू गॅस २२ अंशांनी उतरली की इंधन १ टक्का वाचतं, फीड वॉटर ६ अंशांनी वाढलं की १ टक्का, आयडी फॅनचा (बॉयलरमधला धूर ओढणारा पंखा) वेग ८० टक्के केला की पॉवर ५१ टक्क्यांवर येते, हे सगळं त्याच गाईड बुकात आहे.

नाईट शिफ्ट

एनपीटेलबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. कोर्स फुकट आहे, परीक्षा द्यायची तरच १००० रुपये. असाइनमेंटला २५ आणि सेंटरवर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५ मार्क असतात. १२ आठवड्यांचा कोर्स दर आठवड्याला थोडा थोडा करायचा, एनर्जीवर, वेस्टवॉटरवर, एअर पोल्युशनवर असे बरेच येतात, आयआयटीचे प्रोफेसर शिकवतात. मी शिफ्ट संपवून १.२५ स्पीडला बघायचो. डिप्लोमावाल्याला अडवत नाहीत. पण नुसता व्हिडिओ बघून झोपायला बरा वाटतो, असाइनमेंटच्या डेडलाईनला मात्र घाम फुटतो 😀 आणि नोकरी देताना हे सर्टिफिकेट बघून कोणी उडी मारत नाही, हेही सांगून ठेवतो.

बगॅसवाला

बापरे, एवढ्या उत्तरांची अपेक्षा नव्हती, सगळ्यांचे आभार. जुना चीफ साहेब, स्टीम पर्सेंट रिपोर्टला ४६ येतो पण तुम्ही म्हणता तसा मीटर कधी कॅलिब्रेट झाला ते बघावं लागेल, ओव्हरहॉलिंगमध्येच बघतो, इन्स्ट्रुमेंटवाला आज भेटला तर त्यालाच धरतो.

ताई, कॅरीओव्हरचं तुम्ही अगदी आमच्याच कारखान्याचं लिहिलंय असं वाटलं. आम्ही रंग आला की ड्रेन करतो आणि विषय संपवतो, पुढे ते पाणी कुठे जातं याचा विचार कोणी करत नाही.

ठरलं तर बीईई. आता सांगा इंग्लिशचं काय करू? आणि मी मेकॅनिकलवाला, तिसरा पेपर इलेक्ट्रिकल आहे, त्यात मार खाईन असं वाटतंय.

ऑडिटवाला पुणे

इंग्लिशमध्ये निबंध लिहायचा नाहीये रे. गणितात आकडे, फॉर्म्युला, युनिट नीट लिहिलं की मार्क मिळतात, थिअरीला चार मुद्दे तुटक इंग्लिशमध्ये लिहिले तरी चालतं.

इलेक्ट्रिकलच्या पेपरात मोटर, ट्रान्सफॉर्मर, पॉवर फॅक्टर हे आहेच, पण पंप, फॅन, कॉम्प्रेसर, कूलिंग टॉवर, रेफ्रिजरेशन हे पण त्यातच आहे आणि ते तुझं रोजचं आहे. पॉवर फॅक्टरसाठी कारखान्याचं ऑफ-सीझनमधलं महावितरणचं बिल मागून घे. एप्रिल २०२० पासून एचटीला (उच्चदाब ग्राहकांना) केव्हीएएच बिलिंग (पॉवर फॅक्टरचा परिणाम युनिटमध्येच धरणारं) आहे, पूर्वीसारखा पीएफचा वेगळा इन्सेन्टिव्ह नाही, पीएफ पडला की युनिटच वाढतात. ते बिल समजलं की त्या धड्याला वेगळा वेळ द्यायला नको. एखादा पेपर राहिला तर तेवढाच परत देता येतो, त्यामुळे चारही एकदम द्यायला घाबरू नकोस.

ईटीपीताई

आणि दादा, हंगाम सुरू झाल्यावर कंडेन्सेट ड्रेन करायच्या आधी ईटीपीला एक फोन करायचा, एवढा नियम तुमच्या शिफ्टला लावून बघ. इक्वलायझेशन टँकमध्ये (सांडपाणी आधी साठवून एकसारखं करायची टाकी) जागा करून ठेवली की लोड एकदम येत नाही.

बगॅसवाला

फोन नंबर लॉगबुकच्या पहिल्या पानावर चिकटवतो 👍