नारायण पेठेतली खोली सोडून धायरीला जावं का? झोप आणि हिशोब दोन्ही बिघडलेत

पेठेतली शिलाई

नमस्कार. जरा लांब लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला मागण्यात अर्थ नाही.

आम्ही पुण्यात नारायण पेठेत, पत्र्या मारुतीपासून जवळ, एका जुन्या वाड्यात पहिल्या मजल्यावर भाड्यानं राहतो. दोन खोल्या आणि रस्त्याच्या अंगाला लाकडी गॅलरी. घरात मी, मिस्टर, सासूबाई (वय ७१) आणि नववीतली मुलगी. भाडं ९,०००, डिपॉझिट जुनंच, १५,०००. मिस्टर अप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या दुकानात आहेत, पगार १९,०००. चालत जातात, जेवायला घरी येतात. मुलीची शाळाही चालत जाण्यासारखी. मी घरीच ब्लाउज शिवते, आणि लक्ष्मी रस्त्यावरच्या दोन साडीच्या दुकानांचं फॉल-पिकोचं काम घेते. सकाळी साडी यायची, संध्याकाळी परत करायची. सगळं धरून महिन्याला नऊ-दहा हजार सुटतात, त्यातले चारएक हजार या दुकानांचे.

गर्दीच्या आवाजाची मला तक्रार नाही. हॉर्न, टेम्पो, पहाटेची दुधाची गाडी, हे सगळं अंगवळणी पडलंय. नदीपात्रातल्या ढोलांचा सराव ऐकू येतो तोही चालतो. विसर्जनाची मिरवणूक केळकर रस्त्यानं जाते, त्या दोन रात्री झोपायचं नाही हे आम्ही धरूनच चालतो. मुलगी तर गॅलरीतून हलत नाही.

पण दोन वर्षांपूर्वी खाली किराणा दुकानाच्या जागी खाण्यापिण्याचं दुकान आलं. त्यांच्या भटारखान्याचा धूर ओढणारा मोठा ब्लोअर आमच्या झोपायच्या खोलीच्या अगदी खाली, भिंतीवर बसवलाय. दुपारी अकराला सुरू होतो तो रात्री साडेअकरा-पावणेबाराला बंद. मग साडेबारापर्यंत भांडी. पहाटे पाचला नाश्त्यासाठी पुन्हा ब्लोअर. कानाला मोठा लागत नाही, पण उशीतून डोक्यात शिरतो. कापूस घातला तर जास्तच कळतो.

परिणाम सांगते. गेल्या महिन्यात एका ताईंच्या पैठणीचा ब्लाउजपीस मी चुकीचा कापला. बाहीला यायचा काठ पाठीत गेला. सतरा वर्षांच्या शिलाईत असं कधी झालं नव्हतं. १,४०० रुपये भरून दिले, आणि त्या ताई पुन्हा आल्या नाहीत. मुलगी रात्री जिन्यात बसून अभ्यास करते, कारण जिना मागच्या बाजूला आहे. पुढच्या वर्षी तिची दहावी.

मिस्टरांच्या ओळखीनं शहराच्या कडेला, धायरीत वन बीएचके मिळतोय. भाडं ८,५००, मेंटेनन्स ८००, डिपॉझिट ४०,०००. म्हणजे आमचे १५,००० परत मिळाले तरी २५,००० उभे करायचे. मिस्टरांचा पीएमपीचा, म्हणजे शहर बसचा, पास १,५००. मुलीचं येणं-जाणं वेगळं. भाड्यात पाचशे वाचतात असं वाटतं खरं, पण मेंटेनन्स आणि पास धरले की महिन्याला १,८०० जास्तच, आणि फॉल-पिकोचं काम बंद झालं तर अजून चार हजार गेले. पण झोपच नसेल तर मी शिवणार तरी किती दिवस?

सासूबाई म्हणतात, “तू जा म्हणशील तर येईन, पण तिथं मला कोण ओळखतं?” त्यांचं सगळं आयुष्य या चार गल्ल्यांत गेलंय. मी त्यांना काय उत्तर देऊ कळत नाही.

जे पेठेतून बाहेर गेलेत त्यांनी खरं सांगा. आठवड्याभरात धायरीच्या मालकांना होय-नाही कळवायचंय.

---

कसब्यातून धायरीला

ताई, मी २०१९ मध्ये कसबा पेठ सोडून धायरीला आलो. खरं सांगा म्हणालात म्हणून सांगतो.

पहिले आठ दिवस मला शांततेनं झोप आली नाही, मग इतकी छान लागली की सकाळी बायको हलवून उठवायची. मागच्या बाजूचा फ्लॅट होता, समोर मोकळा प्लॉट. दीड वर्षात त्या प्लॉटवर बिल्डिंग उभी राहायला लागली. सकाळी आठपासून ब्रेकर, रात्री काँक्रीटच्या गाड्या. ती पूर्ण झाली, मग शेजारी दुसरी. तुम्ही बघताय त्या फ्लॅटच्या आजूबाजूला मोकळी जागा असेल तर ती मोकळी राहणार नाही हे गृहीत धरा.

दुसरं म्हणजे पाणी. धायरी २०१७ मध्ये महापालिकेत आली, पण आमच्या सोसायटीला उन्हाळ्यात अजून टँकर लागतो आणि त्याची वर्गणी मेंटेनन्सच्या वर जाते. ८०० मध्ये टँकर धरलाय का ते विचारा. जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसची (हातपाय लुळे पडतात त्या मज्जातंतूंच्या आजाराची) साथ याच सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात होती, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी. तेव्हा आम्ही महिनाभर पाणी उकळून, गाळून प्यायलो. घरात ७१ वर्षांचं माणूस आहे, म्हणून पाणी कुठून येतं हा प्रश्न आवाजाच्या आधी विचारा.

मिस्टरांचा संध्याकाळचा प्रवास सव्वा तास धरा. सिंहगड रस्त्यावरचा उड्डाणपूल झाल्यापासून शहराकडचा रस्ता बरा आहे, धायरी फाट्याला मात्र अजून तुंबतं. दुपारचं घरचं जेवण बंद होईल, त्याचाही खर्च मांडा.

मी परत जाणार नाही. पण माझी नोकरी इथून जवळच, नऱ्ह्यात आहे. तुमचं सगळं काम पेठेत आहे, हा फरक मोठा आहे. आणि एक कराच, टोकन देण्याआधी तिथं रात्री अकराला आणि पहाटे साडेपाचला जाऊन उभे राहा. दुपारी सगळेच फ्लॅट शांत असतात.

---

डक्टवाला

मी हॉटेलांचे एक्झॉस्ट आणि डक्टिंगचं काम करतो, बावीस वर्षं. तुमचं वर्णन वाचून लिहितोय.

कापूस घातल्यावर जास्त कळतो आणि उशीतून येतो म्हणालात. म्हणजे तो आवाज हवेतून कमी, भिंतीतून जास्त येतोय. ब्लोअरची लोखंडी फ्रेम थेट भिंतीत बोल्टनं आवळली असणार. मोटर फिरते तशी भिंत थरथरते, आणि जुन्या वाड्यात भिंत आणि लाकडी तुळया एकत्र बांधलेल्या, त्यामुळे वरची खोली पेटीसारखी घुमते. जाड पडदा, खिडकीला काच, याचा हॉर्नसाठी उपयोग होतो. या गुरगुरीला काही होत नाही, पैसे घालवू नका.

आज रात्री एवढं करा. ब्लोअर चालू असताना भिंतीला तळहात लावा. मग पलंगाच्या पायाला लावा. थरथर हाताला लागली तर इलाज सोपा आहे. फ्रेमखाली रबरी माउंट, ब्लोअर आणि पत्र्याच्या नळीच्या मध्ये कॅनव्हासचा जोड, बेल्ट ताणून घ्यायचा आणि बेअरिंग बघायचं. बेअरिंग गेलं असेल तर घरघरीत मधूनच कर्रकर्र येतं. पंख्याच्या पात्यांवर तेलाचा थर साचला की तोल जातो, त्यानंही भिंत हलते, नुसतं साफ करून निम्मा फरक पडलेला मी पाहिलाय. बेअरिंग बदललं तरी हे सगळं मिळून काही हजारांतलं काम आहे, एका दुपारचं. आणि दुकानदाराचाच फायदा आहे, तशी मोटर लवकर जळते. त्याला असंच सांगा.

तोवर पलंग त्या भिंतीपासून हातभर ओढा आणि चारही पायांखाली रबराचे तुकडे ठेवा. जुन्या टायरचे चालतील.

---

अकरा महिने

डक्टवाले म्हणतात ते आधी करा. त्यानं झालं नाही तर लेखी तक्रार करा.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रात्र म्हणजे दहा ते सहा. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५. तुमची गल्ली कशात धरतात त्यावर थोडं अवलंबून आहे, पण रात्री साडेअकराला झोपायच्या खोलीखाली यंत्र चालवणं दोन्हीकडे अडचणीत येऊ शकतं. लेखी अर्ज कसबा-विश्रामबागवाडा क्षेत्रीय कार्यालयात द्या, पोच घ्या. पोलिसांकडे जायची वेळ आली तर घाबरू नका. जानेवारी २०२५ च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयानं लाउडस्पीकरच्या तक्रारींबाबत पोलिसांना सांगितलंय की तक्रारदाराची ओळख उघड करायची नाही. तुमचा विषय ब्लोअरचा आहे, पण नाव गुप्त ठेवा असं तुम्हीही म्हणू शकता.

अर्जाआधी घरमालकांशी बोला. दुकान त्यांनीच भाड्यानं दिलंय ना? तुम्ही दोघंही त्यांचे भाडेकरू. त्याच वेळी हेही विचारा की वाडा विकसनाला द्यायचं चाललंय का. पेठेतले किती वाडे गेले ते तुम्ही बघताच आहात. वर्षभरात खाली करायची वेळ येणार असेल तर सगळा हिशोब बदलतो.

आणि धायरीला गेलातच तर लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे भाडेकराराची, नोंदणी टाळू नका. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, म्हणजे तुमच्या आकड्यांत अडीचशेच्या आसपास, आणि नोंदणी फी १,०००. एजंट जास्त मागतात, त्यांना हे आकडे माहीत असल्याचं दाखवा.

---

सुई आणि दोरा

ताई, मीही शिलाईच करते. शनिवार पेठेतून आंबेगावला गेले चार वर्षांपूर्वी. पहिल्या दिवाळीला जुन्या गिऱ्हाइकांपैकी फक्त सहा जणी आल्या, त्यातल्या दोघी प्रेमापोटी. ब्लाउजचं माप द्यायला बायका रिक्षा करून येत नाहीत, भाजी आणायला निघाल्या की येतात. नवीन गिऱ्हाईक जमायला मला दीड वर्ष लागलं. त्या दीड वर्षाचे पैसे हाताशी असतील तरच उठा.

---

पेठेतली शिलाई

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. सहा दिवसांत बरंच झालं, म्हणून परत लिहितेय.

त्याच रात्री भिंतीला हात लावला. डक्टवाले दादा, भिंत अक्षरशः मांजरासारखी गुरगुरत होती. मुलीनं पलंगाच्या पायाला कान लावला आणि म्हणाली, “आई, हा तर पलंगच वाजतोय.” दोन वर्षं मी उशा बदलत बसले. पलंग ओढला, टायरचे तुकडे ठेवले. त्या रात्री पहिल्यांदा पहाटे पाचचा ब्लोअर मला उठवू शकला नाही, साडेपाचला जाग आली.

दुसऱ्या दिवशी दुकानात मी जाणार होते, पण सासूबाई म्हणाल्या मी येते. दुकानदार मुलगा तिशीचा आहे. त्यांनी त्याला वर आणलं, भिंतीला हात लावायला लावला आणि सांगितलं, “बाळा, माझ्या नातीची दहावी आहे.” तो ओशाळला. त्याला खरंच माहीत नव्हतं, तो वर कधी आलाच नव्हता. मोटर जळेल हे मीही सांगितलं. मंगळवारी दुपारी दोन तास बंद ठेवून रबर बसवलं, बेल्ट बदलला, पात्यांवरून निघालेलं तेल डब्यात भरून नेलं. आवाज गेलेला नाही. पण आता तो खालच्या दुकानातून येतो, माझ्या भिंतीतून येत नाही. भांडी अजून साडेबाराला वाजतात, त्याचं बोलणं बाकी आहे. भांड्यांखाली रबरी चटई टाकतो म्हणालाय, बघू.

बुधवारी रात्री अकराला मी आणि मिस्टर गाडीवरून धायरीला गेलो. बिल्डिंगच्या मागं, एक प्लॉट सोडून, मंगल कार्यालयाचं लॉन आहे. दिवसा पाहिलं तेव्हा हिरवंगार दिसलं होतं. त्या रात्री तिथं वरात होती आणि डीजे चालू होता. टँकरचंही विचारलं, ८०० मध्ये धरलेला नाही. परत येताना मिस्टर काही बोलले नाहीत. लकडी पुलावर आल्यावर म्हणाले, “दीड वर्षाचे पैसे आपल्याकडे नाहीत.” मला रडू आलं, कारण मी मनातून त्या घराचे पडदेसुद्धा ठरवले होते. शांत घर हवंय हे आजही तेवढंच खरं आहे. गुरुवारी मालकांना नाही कळवलं.

घरमालकांशी बोलले. वाड्याची बोलणी चालू आहेत, पण भावाभावांत एकमत नाही. निदान पुढचे अकरा महिने आम्हाला उठवणार नाहीत, आणि तेवढं करारात लिहून देतो म्हणालेत. म्हणजे दहावीची परीक्षा इथूनच होईल. त्यानंतर काय ते सांगता येत नाही, म्हणून दर महिन्याला १,००० डिपॉझिटसाठी बाजूला टाकायचे ठरवलेत. त्या पैठणीच्या ताईंना फोन केला. पुढचा ब्लाउज शिलाई न घेता शिवून देते म्हटलं. बघते म्हणाल्या.

एक विनंती. सदाशिव, शनिवार किंवा नारायण पेठेत आतल्या बोळात, रस्त्याकडे तोंड नसलेल्या दोन खोल्या कुणाच्या पाहण्यात आल्या तर कळवा. भाडं १०,००० पर्यंत झेपेल. पहिल्या मजल्याच्या वर नको, सासूबाईंचे गुडघे दुखतात. खाली भटारखाना नसावा, आणि असलाच तर भिंतीला हात लावून बघायला मी आधी येईन.